काढायच्या बोलीचं छप्पर

"अहो बद्रीनाथ, तुमचं छप्पर आमच्या गच्चीवर आलंय. सवडीनं घेऊन जा. घाई नाही, चहा दिलाय त्याला."

भिंतीपलीकडून गोपाळकृष्ण सरांचा आवाज आला तेव्हा बद्रीनाथ मागच्या दारात उकिडवा बसून चिखलाकडे बघत होता. आदल्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं होतं. डोंगराच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि कोंबड्यांच्या जाळीवरचे दोन्ही पत्रे, डब्याचं झाकण उघडावं तसे अलगद वर उठले. एक बोळात पडला, दुसरा सरांकडे गेला. मागोमाग गारा आल्या. बघता बघता जाळीच्या आत घोटाभर पाणी साचलं आणि कोंबड्या त्या पाण्यात भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

सर मूळचे पेठेतले. शाळेतून निवृत्त झाले, मुलानं धायरीत बंगला बांधला, म्हणून इकडे आले. त्यांचं बोलणं असंच असायचं. सुरुवातीला बद्रीनाथला त्यातली मेख कळत नसे. आता कळायची, पण उत्तर सुचायचं नाही.

"येतो सर," तो म्हणाला, आणि बसूनच राहिला.

या उन्हाळ्यातली ही तिसरी खेप. होळीनंतरच्या पहिल्या वाऱ्यात पत्रा सरकला, तेव्हा त्यानं वर दगड ठेवले. पुढच्या वाऱ्यात पत्रा कलला आणि वरचा दगड घसरून थेट ठिपक्यांच्या कोंबडीवर पडला. त्याच्या बायकोनं, इंदुबाईनं, ती कोंबडी शिजवली नाही. पपईच्या झाडाखाली पुरली आणि म्हणाली, "दगूड नगं आता वर." म्हणून त्यानं दगड काढले आणि सगळीकडे नवे खिळे मारले. आता खिळेही गेले.

आत ओट्याखाली, फुटक्या घमेल्यात तांबडी कोंबडी बसली होती आणि इंदुबाई तिला कोरड्या फडक्यानं टिपत होती. तांबडी खुडूक होती. अंडी उबवायला बसायची वेळ आली की कोंबडी दाणापाणी विसरते, जागची हलत नाही, हात लावला तर फुगून गुरगुरते. तिला खुडूक म्हणतात. इंदुबाईनं तिच्याखाली अंडी ठेवून दोन आठवडे होत आले होते. आणखी आठवडाभर कोरड्यात राहिली असती तर पिल्लं निघाली असती. पण काल पाण्यातून तांबडीला उचलेपर्यंत अंडी भिजून गार पडली होती. ती आता परातीत होती. इंदुबाईनं त्यातलं एक कानाशी धरून हलवलं, ठेवलं, दुसरं हलवलं, ठेवलं.

"गेली," ती म्हणाली.

बद्रीनाथ दारातून उठून आत आला.

"रविवारी आमची धाकटी येनार हाय, द्वारका. तिच्या पोराचा टेम्पो हाय. देऊन टाकते समद्या. तिच्याकडं वाघोलीला पक्कं शेड हाय, मालकानं बांधलेलं. तिथं तरी सुकानं ऱ्हातील."

"तांबडी बी?"

"तांबडी बी."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती नवऱ्यावर कधी फार रागवायची नाही. साइटवर टेम्पो आला की सामान भरायला उठायची, तसंच हे बोलली. बद्रीनाथला तेच टोचलं.

बद्रीनाथ सेंट्रिंगचा मिस्त्री. जालन्याकडच्या गावातून विशीत असताना एका मुकादमाबरोबर पुण्याला आला आणि खांदा जाईपर्यंत त्यानं दुसरं काम केलं नाही. स्लॅबचं काँक्रीट ओलं असतं तोवर त्याला खालून धरून ठेवणारा फळ्यांचा आणि टेकूंचा सांगाडा म्हणजे सेंट्रिंग. स्लॅब सुकला की सांगाडा खोलायचा, फळ्या वरच्या मजल्यावर न्यायच्या, तिथला स्लॅब सुकला की आणखी वर. इमारत उभी राहिली की फळ्या ट्रकमध्ये आणि मिस्त्री दुसऱ्या साइटवर. राहायला आलेल्या माणसाला गवंड्याचं काम दिसतं, फरशीवाल्याचं दिसतं, रंगाऱ्याचं दिसतं. सेंट्रिंगवाल्याचं काही दिसत नाही. त्याचं काम निघून गेलं म्हणजेच ते नीट झालं.

खोलण्यात बद्रीनाथचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं ठोकलेली फळी काढताना कधी चिरली नाही. मुकादम नव्या गड्यांना सांगायचा, "बद्रीचं काम बघा रे. लावल्यासारखं लावतो अन् काढल्यासारखं काढतो." इंदुबाईही त्याच साइटवर असायची. तो वर ठोकायचा, ती खालून फळ्या द्यायची. खोलायच्या दिवशी जंबूर घेऊन ती फळ्यांमधले खिळे उपसत बसायची. सरळ खिळे एका डब्यात टाकायचे, वाकडे दुसऱ्यात. बद्रीनाथच्या फळ्या असल्या की वाकड्यांचा डबा रिकामाच राहायचा.

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीशेजारी ती कोंबड्या पाळायची. कोथरूडला पाळल्या, औंधला पाळल्या, बाणेरला पाळल्या, शेवटी वाघोलीला. साइट संपत आली की कोंबड्या विकायच्या आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणून सुरुवात करायची. कोंबडी अंड्यावर येते न येते तोच निघायची वेळ व्हायची. इंदुबाईनं कधी तक्रार केली नाही. वाघोलीचं काम संपलं तेव्हा एकदाच, पाय बांधलेल्या कोंबड्या गिऱ्हाइकाच्या हातात देऊन आल्यावर, ती चुलीपुढं बसून म्हणाली होती, "एक कोंबडी म्हातारी होऊन मरू द्या माझ्या दारात. इतक्या पाळल्या, पर म्हातारी कोंबडी दिसती कशी ते काय मला ठाऊक न्हाई."

पुढं शंभूला, त्यांच्या मुलाला, नऱ्ह्याच्या कारखान्यात नोकरी लागली. इंदुबाईच्या गळ्यातलं गेलं आणि धायरीत अगदी आतल्या अंगाला जेमतेम गुंठाभर जागा आली. त्यावर दोन खोल्या झाल्या. मागं भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा राहिली, तिथं कोंबड्या आल्या. तांबडी त्यातली पहिली. तिच्या मानेवरची पिसं आता विरळ होत चालली होती, पायांवरचे खवले खरखरीत झाले होते, अंडी कधी द्यायची, कधी नाही. इंदुबाई तिच्याकडे बघायची तेव्हा तिच्या तोंडावर असं काही यायचं, की बद्रीनाथ दुसरीकडे बघायचा.

आणि ती तांबडी रविवारी वाघोलीला जाणार होती.

दुपारी तो पत्रा आणायला सरांच्या गच्चीवर गेला.

"पत्रा शाबूत आहे," सर म्हणाले. "आमची तुळशीची कुंडी नाही. असो. तुळस वाळलेलीच होती, तिला निमित्त हवं होतं."

"नवी कुंडी आणून देतो सर."

"काही नको. एक मात्र विचारतो, राग मानू नका. हा पत्रा वाऱ्यानं ओढून आणलाय म्हणता. मग ही भोकं बघा. एकही फाटलेलं नाही. आपण वाऱ्याला आधी कळवून ठेवलं होतं का?"

बद्रीनाथनं पत्रा उभा करून बघितला. खरंच, खिळ्यांची भोकं गोल गरगरीत होती. दोन भोकांत तर खिळे लोंबत होते. त्यानं ते दोन बोटांनी काढले. अगदी सरळ होते. त्यानं ते खिशात टाकले. सरळ खिळा फेकून द्यायची त्याच्या हाताला सवय नव्हती. बोळात पडलेल्या पत्र्याचे खिळेही चिखलातून वेचून आणले, धुतले आणि ओट्यावर ठेवले.

"एक बी वाकला न्हाई," तो म्हणाला. म्हणताना त्याला थोडं बरंही वाटलं. "परत वापरता येतील."

इंदुबाईनं एक खिळा उचलला आणि फरशीवर घरंगळत सोडला. साइटवर ती तशीच पारख करायची. खिळा सरळ गेला, भिंतीला लागून थांबला.

"कामून वाकतील?" ती म्हणाली. "तुमी ठोकतानाच काढायची सोय ठिवता."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! खिळ्याचं डोकं बोटभर वर. जंबुरात बसंल असं. जलमभर म्याच उपसले न्हवं ते, मला ठाऊक न्हाई व्हय तुमचा खिळा? तुमी कोंबड्यांवर छप्पर घातलंच न्हाई. तुमी सेंट्रिंग लावली."

बद्रीनाथ हसायला गेला, पण हसू आलं नाही. तो बाहेर गेला. जाळीचे खांब अजून उभे होते. खांब कसले, साइटवरच्या जुन्या बल्ल्या. प्रत्येकीखाली वीट, विटेवर पाचर. टेकू लावतात तसे. टेकू जमिनीत पुरत नाहीत, कारण पाचर उडवली की तो सुटला पाहिजे. वरून स्लॅबचं ओझं आलं की टेकू आपोआप घट्ट बसतो. इथं वरून ओझं कुठलं? इथं वारा जाळीतून आत शिरत होता आणि पत्र्याला खालून उचलत होता. आयुष्यभर त्यानं वरून दाबणाऱ्याचा हिशोब केला होता. खालून उचलणाऱ्याचा विचार करायची कधी वेळच आली नव्हती.

त्यानं तारेच्या गाठी बघितल्या. एकच पीळ, झटक्यात सुटणारा. कपड्यांची दोरी बघितली. सुरगाठ; एक टोक ओढलं की मोकळी. त्याला आठवलं, शंभूची बायको नम्रता लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोरीसकट सगळे कपडे चिखलात पडले होते आणि तिनं घाबरून विचारलं होतं, "मामा, या घरात निरगाठ मारतच नाहीत का?" तेव्हा सगळे हसले होते. तोही हसला होता. आत येऊन त्यानं देवाच्या फळीचे खिळे बघितले. कॅलेंडरचा खिळा बघितला. सगळ्यांची डोकी बोटभर वर, जंबुराची वाट बघत असल्यासारखी.

मग तो खाटेवर जाऊन पडला. खांदा दुखत होता, आणि खांद्याहून काहीतरी जास्त दमलं होतं.

संध्याकाळी शंभू कामावरून आला. डबा ठेवता ठेवता त्यानं मागं डोकावून बघितलं.

"परत गेलं का? बाबा, मी काय म्हणतो, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवलाय, भावी नगरसेवकाचा. भला मोठा आहे. आणतो, वर चार टायर टाकू, विषय संपला."

"वाऱ्यात फाटतो फ्लेक्स."

"मग रेडीमेड शेड घेऊ ऑनलाइन. ईएमआय पण मिळतो."

"कोंबड्या हप्ता भरतील व्हय रं?" इंदुबाई आतून म्हणाली.

शंभू हसला, मग आवाज उतरवून म्हणाला, "बाबा, आई देतीये तर देऊ द्या ना. तुमचा हात वर जात नाही. कशाला उगाच? किती वेळा घालणार?"

हे बद्रीनाथच्याही मनातलंच होतं. दुपारभर तो पडल्या पडल्या हेच म्हणत होता. झालं एवढं पुष्कळ झालं. रविवारी टेम्पो येईल, जाळी गुंडाळून ठेवू, जागा झाडून घेऊ. आजवर प्रत्येक साइटवर हेच केलं. पण शंभूच्या तोंडून ते ऐकलं आणि त्याला ते नको वाटलं.

"सकाळी कामावर जायच्या आधी मला दोन खड्डे काढून दे," तो म्हणाला. "गुडघ्याएवढे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मी काढतो. सावकाश."

सावकाशच झालं. सकाळी शंभूनं दोन खड्डे काढले, उरलेले बद्रीनाथनं थांबत थांबत काढले. थोडं खणायचं, पपईला टेकून बसायचं, पुन्हा उठायचं. बल्ल्या त्यानं नाकारल्या, त्या मातीत कुजल्या असत्या. भंगारवाल्याकडे पाण्याच्या जुन्या लोखंडी नळ्या मिळाल्या, गंजलेल्या, पण जाड. प्रत्येकीच्या बुडाशी आडवा सळईचा तुकडा बांधला, म्हणजे कोणी वर ओढलं तरी ती मातीत अडून राहील. खड्ड्यांत नळ्या उभ्या करून खडी, वाळू आणि सिमेंट भरलं. सिमेंट शेजारच्या बांधकामावरच्या फुटक्या गोणीतलं, तिथल्या वॉचमनला विचारून आणलेलं. काँक्रीट सुकायला किती वेळ द्यायचा हे बद्रीनाथला सांगायला नको होतं. शुक्रवारी त्यानं नळ्यांना हातही लावला नाही. नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

मधल्या वेळात त्यानं शंभूच्या मोटरसायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या बोटभर चकत्या केल्या. खिळा पत्र्याच्या उंच पन्हळीवर मारायचा, खोलगट भागात नाही, नाहीतर सगळं पाणी भोकातून खाली उतरतं. आणि खिळ्याखाली अशी रबराची चकती हवी. हे त्याला आधीही ठाऊक होतं. त्यानं चकत्या कधी घातल्या नव्हत्या, एवढंच. डोकं वर ठेवलं की चकतीचा उपयोग नसतो.

सर गच्चीवरून बघत होते.

"काय बद्रीनाथ, किल्ला बांधताय?"

"छप्पर घालतोय सर."

"या वेळी कुठवर जाणार आहे? म्हणजे आम्ही कुंड्या तशा हलवतो."

बद्रीनाथनं मान वर करून बघितलं. "कुंड्या राहू द्या," एवढंच तो म्हणाला.

शनिवारी पत्रे चढवायचे होते. नळ्यांवर लाकडी वासे आडवे टाकून लोखंडी पट्ट्यांनी जखडले, त्यावर रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, ठोकल्या. उतार बोळाच्या बाजूला दिला आणि पत्रा जाळीपुढं वीतभर काढला, म्हणजे पागोळ्या जाळीत पडणार नाहीत. पत्रा वर सरकवून इंदुबाई आतून दोन्ही हातांनी त्याला धरून उभी राहिली. बद्रीनाथ पिंपावर चढला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता म्हणून पिंपाखाली विटा घातल्या होत्या. चकती लावली, खिळा धरला आणि हातोडी मारली. एक, दोन, तीन. खिळा आत गेला, आवाज बदलत गेला, पोकळ होता तो भरीव होऊ लागला, आणि हातोडी थांबली.

"झालं?" खालून इंदुबाईनं विचारलं.

त्यानं बघितलं. डोकं बोटभर वर होतं.

त्यानं ठरवून थांबवलं नव्हतं. हातच थांबला होता. पोट भरल्यावर भाकरीवरून हात आपोआप आवरतो तसा.

"झालं का?"

"न्हाई."

"मग मारा."

त्यानं पुन्हा हातोडी उचलली. घाव बसला तो पत्र्यावर, खिळ्याच्या शेजारी. पत्र्याला पोचा पडला. गालावरून घाम ओघळला. कितीतरी वर्षांत त्याचा घाव चुकला नव्हता.

"आणखी एक," इंदुबाई म्हणाली.

त्यानं मारला. चकती दबली, खिळ्याचं डोकं तिच्यात बसलं.

"आणखी."

"बसला की."

"आणखी एक मारा म्हनते न्हवं."

त्यानं मारला. आता तिथं नखही शिरलं नसतं. खालच्या बाजूनं रिपेतून खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. इंदुबाईनं एका हातानं पत्रा सावरत दुसऱ्या हातात दगड घेतला आणि ते टोक ठोकून रिपेवर मुरडून टाकलं. चांगला सरळ खिळा मुरडलेला बद्रीनाथला वरून दिसला नाही, पण आवाज कळला.

"आज समदे वाकडेच," ती खालून म्हणाली. "तुमचा वाकड्यांचा डबा भरला एकदाचा."

प्रत्येक खिळ्याला हेच झालं. दरवेळी हात थांबायचा, दरवेळी खालून आवाज यायचा, "आणखी." मधेच तो पिंपावरून उतरून बसायचा, ती पाणी द्यायची, दोघं घटकाभर बसायची आणि पुन्हा उठायची. दुसरा पत्रा होईपर्यंत ऊन कलंडलं. शेवटी त्यानं वाशांवरून तार घेऊन ती नळ्यांच्या बुडाशी आणून बांधली. दुहेरी पीळ दिला, टोक आत दडपलं. बांधून झाल्यावर सवयीनं ते टोक शोधायला बोट गेलं. सापडलं नाही.

रविवारी जेवणाच्या आधी द्वारका आली. इंदुबाईची धाकटी बहीण, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा करून ती दोन डाली काखेत घेऊन आली. कोंबड्या झाकायची बांबूची मोठी डाली.

"कुठं हायती माझ्या सुना?" ती दारातूनच ओरडली. मागं येऊन बघते तर जाळीवर छप्पर. "आगं बया! हे तर झालं. मंग मला कामून बोलीवलं?"

"थांब," इंदुबाई म्हणाली.

ती घरात गेली आणि जंबूर घेऊन आली. साइटवरचं जुनंच, दांड्याला तिच्या हाताची झिलई आलेलं. ते तिनं बद्रीनाथपुढं धरलं.

"खोला."

द्वारका एकदा बहिणीकडे, एकदा मेव्हण्याकडे बघत राहिली. "येडी झाली का तू? कालच घातलंय म्हनं त्यांनी."

"तू गप ऱ्हा. खोला म्हनते."

बद्रीनाथनं तिच्या तोंडाकडे बघितलं. ही थट्टा नव्हती. ती तशी उभी होती, जशी खोलायच्या दिवशी फळ्या घ्यायला खाली उभी राहायची. तो पिंपावर चढला. जंबूर पहिल्या खिळ्याला लावलं. पकड बसली नाही. दुसऱ्याला लावलं. जंबूर रबरावरून घसरलं. त्यानं जंबुराचं तोंड चकतीखाली घुसवायला बघितलं, दात ओठ खाल्ले, दुखरा खांदाही लावला. पत्रा कुरकुरला, पण हलला नाही. डाव्या हातानं पत्र्याची कड धरून तो लोंबकळला. नळ्या जागच्या जागी.

गच्चीवर सर उभे होते.

"काय चाललंय?"

"काढून बघतोय सर," बद्रीनाथ धापा टाकत म्हणाला.

"कालच घातलंत ना?"

"हो."

"बरं," सर म्हणाले. "मी आपलं विचारलं." ते कठड्यावरून खाली वाकले. मग म्हणाले, "निघत नाहीये वाटतं."

"न्हाई निघत."

"उतरा आता," इंदुबाई म्हणाली. "पडाल."

तो उतरला. भिंतीला पाठ लावून तो मातीतच बसला. इंदुबाई घरात गेली आणि घमेलं उचलून घेऊन आली. तांबडी त्यात फुगून बसली होती. अंडी गेली तरी ती उठली नव्हती; चार दिवस नुसत्या फडक्यावर बसून राहिली होती. जाळीच्या आत, भिंतीच्या कोपऱ्यात इंदुबाईनं घमेलं ठेवलं. मग पदराच्या ओच्यातून या चार दिवसांत घरच्या कोंबड्यांनी दिलेली अंडी काढली आणि एकेक करून तांबडीच्या पोटाखाली सरकवली. तांबडीनं तिच्या हाताला दोन चोची मारल्या, मग अंग पसरून अंडी झाकून घेतली. विरळ मान आत ओढली.

"किती म्हातारी दिसायला लागली गं ही," द्वारका जाळीतून बघत म्हणाली. "हिला काय ठिवती? आज हाय, उद्या न्हाई."

"ऱ्हाऊ दे," इंदुबाई म्हणाली. "कशी दिसती ते बघायचंय मला."

"आन् मी इतक्या लांबनं आले त्याचं काय? पोरानं सुट्टी टाकली टेम्पोसाठी."

"जेवून जा. पिठलं केलंय. आन् जाताना एक डालं ठिवून जा."

"तुला कशाला डालं?"

"पिल्लं झाकायला लागंल."

द्वारका कपाळावर हात मारून आत गेली. आतून ताटांचा, दोघी बहिणींच्या बोलण्याचा आणि मग एकदम हसण्याचा आवाज आला. बद्रीनाथ बाहेरच बसून होता. भूक लागली होती, पण उठायची ताकद नव्हती. वर ऊन पत्र्यावर तापत होतं आणि पत्रा अधूनमधून टणटण वाजत होता. तापलेला पत्रा वाजतोच. पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यानं दचकून वर बघितलं. नंतर बघितलं नाही.

"अवं, या की जेवायला," इंदुबाईनं हाक मारली.

तो हात टेकून उठला. जंबूर जागेवर टांगायला म्हणून दाराशी गेला. चौकटीशेजारच्या खिळ्याचं डोकं बोटभर वर होतं. तो थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. हातोडी पिंपापाशी पडली होती, चार पावलांवर. तेवढं चालायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. त्यानं जंबूर त्याच खिळ्याला अडकवलं आणि हात धुवायला गेला.